आधी वळेल तो हरला

रोहिदासचा हात कधी उठणार, हे पूनमला टीव्हीवरून कळायचं. इतर बायकांना नवऱ्याच्या पावलांवरून कळतं, तोंडाच्या वासावरून कळतं. पूनम स्वयंपाकघरात पोळ्या लाटत असायची आणि हॉलमधून गेममधल्या गाडीचा आवाज येत असायचा. गाडी सुसाट पळत असली की घर शांत. टायर किंचाळले, पत्रा फाटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ आईवरून शिवी आली, की ती लाटणं खाली ठेवायची आणि हातातल्या काचेच्या बांगड्या काढून डब्यावर ठेवायची. मनगटात घुसलेली काच लवकर निघत नाही, हे ती एकदा शिकली होती.

चऱ्होलीतली जमीन बिल्डरला गेली तेव्हा रोहिदासला या सोसायटीत फ्लॅट मिळाले, काळी ऑटोमॅटिक एसयूव्ही आली आणि रिकामा वेळ आला तो वेगळाच. कामगारांच्या बसगाड्या त्याने चाकणच्या कंपन्यांना लावल्या होत्या. त्या ड्रायव्हर चालवायचे. साहेब दुपारी तिकडे एक चक्कर मारून यायचे आणि संध्याकाळी ग्लास भरून टीव्हीपुढे बसायचे. त्या खेळात एक अख्खा देश होता. डोंगर, समुद्र, शहर, उसाएवढं उंच गवत, आणि कुठेही घुसलं तरी विचारणारं कुणी नाही. रोहिदास रस्त्याने कमी आणि लोकांच्या अंगणातून जास्त जायचा. कुंपणं मोडायची, बाकडी उडायची, समोरची गाडी कठड्यावरून खाली ढकलून दिली की तो मांडीवर थाप मारून हसायचा. चुकलं तर त्यात एक बटण होतं. ते दाबलं की सगळं उलटं फिरायचं, फुटलेली काच सांधली जायची, मोडलेला खांब उभा राहायचा.

घरातही तो हे बटण दाबायचा. आज मारलं की उद्या भेळ घेऊन यायचा, "सोड ना आता, किती ताणशील" म्हणायचा, आणि त्याच्यापुरतं सगळं पहिल्यासारखं व्हायचं. पूनमची बरगडी दोनदा मोडली होती. दोन्ही वेळा तो तिला स्वतः गाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेला, डॉक्टरांपुढे तिच्या खुर्चीला हात टेकून उभा राहिला, आणि तिने सांगितलं, बाथरूममध्ये पाय घसरला. सासू गोजाबाई शेजारी बसून मान हलवत होती.

सगळ्यात वाईट दिवस गणराजचे. गणराज म्हणजे रोहिदासचा चुलत भाऊ, राहायला बी विंगमध्ये. दोघांच्या शेतांमध्ये जो बांध होता त्यावरून थोरल्यांची डोकी फुटली होती. आता बांध राहिला नाही, शेत राहिलं नाही, भांडण तेवढं शाबूत होतं. दोघे आपापल्या घरी बसून खेळात एकमेकांना गाठायचे. त्यातला एक डाव होता, आमनेसामने. लांबलचक पूल, दोन टोकांना दोन गाड्या, पूर्ण वेगात एकमेकींवर सोडायच्या. आधी वळेल तो हरला. रोहिदास दर वेळी हरायचा. मग गणराज त्याचा व्हिडिओ भावकीच्या ग्रुपवर टाकायचा, खाली काकालोकांचे हसरे चेहरे यायचे, आणि इकडे पूनम बांगड्या काढायची.

एका दुपारी सगळं घर आवरून झाल्यावर तिने कंट्रोलर हातात घेतला. कारण साधं होतं. आदल्या रात्री डोंगरावरून दरीपलीकडे उडी मारायचं एक आव्हान रोहिदासला जमलं नव्हतं आणि तिच्या कानाखाली अजून भणभणत होतं. ते आव्हान कुणीतरी पार करून टाकलं तर आजची संध्याकाळ टळेल, एवढाच तिचा हिशेब. गाडी चालवणं तिला नवीन नव्हतं. चाकणपलीकडच्या माहेरी बापाचा टेम्पो होता, लायसन्स लग्नाआधीचं होतं, या घरात फक्त चावी कधी हातात आली नव्हती. गाडी दरीत कोसळली, पुन्हा कोसळली, शेवटी पलीकडे टेकली. संध्याकाळी रोहिदासने पाहिलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "च्यायला, काल पिऊन पिऊन मारलीच म्हणायची मी उडी!" त्या दिवशी तो पोटभर जेवला.

मग रोजचंच झालं. जे रात्री त्याला जमायचं नाही, ते दुपारी ती उरकायची. तो दिवसेंदिवस स्वतःवर खूश होत गेला. आणि खरं सांगायचं तर पूनमही. सुरुवातीला ती मार वाचवायला खेळत होती. नंतर ती खेळायला खेळू लागली. लाल गाडी घेऊन ती शहरातून सुटायची, चौकातल्या खांबांचा चुराडा करायची, मागे लागलेल्या गाडीला बाजूने असा दणका द्यायची की ती गोल फिरत दुकानात घुसायची. छातीत धडधडायचं आणि ते तिला आवडायचं. आपल्या आत इतका राग साठलाय हे तिला माहीतच नव्हतं. बाईमाणसाने असं काही मजेत मोडावं का, असं तिला एकदोनदा वाटलं, पण तेवढ्यात पुढचं वळण आलं.

गोजाबाईने पहिल्या आठवड्यात पाहून न पाहिल्यासारखं केलं. मग एक दिवस म्हातारी खुर्ची ओढून जवळ बसली. पुढच्या चढावर ती ओरडली, "हाण! चढाला वेग सोडू नगं! अगं, हाण!"

पूनमने वळून पाहिलं. "आत्याबाई, तुम्हाला कसं कळलं चढाला वेग सोडायचा नाही ते?"

"अगं, ह्यांचा बैलगाडा हुता न्हवं," गोजाबाई म्हणाली. नानासाहेब, म्हणजे तिचा वारलेला नवरा, बैलगाडा शर्यतीत नाव काढलेला माणूस. "जत्रंला शर्यतीच्या घाटात आमचा गाडा जितला तर गुलाल. हारला तर ह्यो गडी घरी येऊन चाबूक माझ्यावर काढायचा. रोहिदास तवा दाराआड हुबा राहून बघायचा." तिने टीव्हीकडे बोट केलं. "तवा बैल हुते, आता ह्यो डबा. घे, फुडं बघ, आला त्यो निळा. ठोक त्येला."

तेव्हापासून म्हातारी दुपारी गॅलरीत उभी राहून रोहिदासची काळी गाडी कधी येते यावर लक्ष ठेवू लागली.

एका शनिवारी गणराजकडून बोलावणं आलं. पडद्यावर नाव झळकलं: आमनेसामने. नाही म्हणता आलं असतं. पूनमने होकाराचं बटण दाबलं. त्याआधी तिने जुने व्हिडिओ पाहिले होते, रोहिदास हरतो ते. दर वेळी सारखंच होत होतं. गाडी भन्नाट सुटायची आणि समोरच्याचे दिवे डोळ्यांत आले की शेवटच्या क्षणी आपोआप बाजूला व्हायची. तिने तो क्षण पुन्हा पुन्हा पाहिला होता. ज्या माणसाच्या नुसत्या खाकरण्याने ती लाटणं खाली ठेवायची, तो माणूस वळत होता.

पहिल्या वेळी दोघांपैकी कुणीच वळलं नाही. दोन्ही गाड्यांचा चेंदामेंदा झाला, इंजिनं पुलावरून नदीत पडली. दुसऱ्या वेळीही तेच. तिसऱ्या वेळी गणराज वळला. पूनमच्या तोंडून अशी आरोळी निघाली की गॅलरीतली गोजाबाई दचकून आत आली.

चूक तिथेच झाली. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये दुधाची पिशवी हातात घेऊन गणराज रोहिदासच्या गाडीपाशी थांबला. "रोह्या, मानलं राव तुला! काल दुपारी अजिबात वळला न्हाईस. मलाच वळवलंस भावा."

काल दुपारी रोहिदास चाकणला होता. बंद पडलेल्या बसपाशी उभा राहून मेकॅनिकला शिव्या घालत होता. तो हसला, लिफ्टने वर आला आणि दाराला आतून कडी घातली.

"कोण खेळतं दुपारचं?"

पूनमने खोटं बोलायला तोंड उघडलं आणि तिला खोटं सापडलं नाही. "मी," ती म्हणाली.

पहिली थप्पड बसली तेव्हा बांगड्या हातातच होत्या. त्याने तिचे केस धरून तिला टीव्हीपुढे आदळलं, दुसरा कंट्रोलर तिच्या मांडीवर फेकला. "बस. लई शहाणी झाली ना? गणराजला वळवती? माझ्यासंगं खेळ. आमनेसामने. बघू कोण वळतंय."

ओठ फुटला होता, जिभेवर रक्ताची चव होती. पडदा मधोमध दुभागला, अर्ध्यात तिची लाल गाडी, अर्ध्यात त्याची काळी. पूनमला सगळं स्वच्छ दिसत होतं. आपण वळायचं. तो हसेल, दोन लाथा घालील, संध्याकाळी भेळ आणील. नाही वळलो तर काय होईल ते देव जाणे. खुर्चीतल्या गोजाबाईने पदराचा बोळा तोंडात धरला होता. गाड्या सुटल्या. पूल संपत आला, दिवे मोठे होत गेले. पूनमने अंगठा हलवला नाही.

रोहिदास वळला. काळी गाडी कठडा तोडून नदीत गेली.

टीव्हीतून पाण्याचा बुडबुड आवाज आला. मग त्याने कंट्रोलर तिच्या तोंडावर मारला. ती खाली पडली तशी लाथ पोटात बसली, दुसरी जुन्या बरगडीवर. त्याने कमरेचा पट्टा सोडला. "मारून टाकीन आज! भावकीत माझी अब्रू घालवती!" पट्ट्याचं बक्कल तिच्या खांद्यात रुतलं, मग पाठीत, मग कुठे ते तिला कळेना. ती गुरासारखी ओरडत होती आणि तो प्रत्येक फटक्याला मोजल्यासारखा हुंकारत होता.

"रोहिदास!" गोजाबाई मध्ये आली. म्हातारीने त्याचा पट्ट्याचा हात धरला. "पुरं झालं! बापाचा चाबूक म्या खाल्ला, तुझा पट्टा हिला न्हाई खाऊ देनार!"

त्याने आईला ढकललं. मुद्दाम नव्हे, असं तो नंतर सगळ्यांना सांगत फिरला. गोजाबाईचं कपाळ टीव्हीखालच्या संगमरवरी कडेवर आपटलं. नारळ फोडल्यासारखा आवाज झाला आणि पांढऱ्या फरशीवर रक्ताचा ओघळ सरळ सोफ्याखाली गेला.

रोहिदास मागे सरकला. पट्टा त्याच्या हातून गळला. त्या वेळात पूनम उठली. कशी उठली ते तिलाही कळलं नाही. सासूच्या कपाळावर तिने ओढणी आवळली, दारामागच्या खिळ्यावरची चावी घेतली आणि म्हातारीला काखेत धरून कडी काढली.

"कुठं निघाली?" त्याला वाचा फुटली. "दवाखान्यात न्हाई न्यायचं! डोक्याला लागलंय, पोलिस केस करत्यात! घरीच डॉक्टर बोलावतो मी. ए पूने!"

लिफ्टचं दार त्याच्या तोंडावर बंद झालं. तो जिन्याने पळाला. पूनमने गोजाबाईला पुढच्या सीटवर बसवून पट्टा लावेपर्यंत तो खाली पोहोचला होता आणि पार्किंगच्या तोंडाशी, चढाच्या मधोमध, दोन्ही हात पसरून उभा होता.

गाडी सुरू झाली. सोसायटी गोळा झाली होती. बायका गॅलऱ्यांतून वाकल्या होत्या, दुधाची पिशवी घेतलेला गणराज अजून तिथेच होता. रोहिदास ओरडला, "घाल अंगावर! घाल! हाय का हिम्मत?"

पूनमने समोर पाहिलं. हा पडदा नव्हता. समोर हाडामांसाचा माणूस होता, ज्याच्या नावाचं मंगळसूत्र तिच्या गळ्यात होतं, आणि मागे फिरवायचं बटण या गाडीत नव्हतं. तिने सासूकडे पाहिलं. ओढणी लाल झाली होती, एक डोळा रक्ताने मिटला होता. दुसरा समोर रोखलेला होता.

"आत्याबाई, तुमचा मुलगा आहे."

"ठाव हाय," गोजाबाई म्हणाली. "न्हान असल्यापासनं ठाव हाय मला त्यो. सरळ जा."

पूनमने पाय दाबला. गाडीने उसळी घेतली. रोहिदासचा चेहरा काचेत मोठा होत गेला, मिशा, पानाने रंगलेले दात, आणि मग डोळे. ते डोळे तिने याआधी कधी पाहिले नव्हते. ब्रेकवर पाय जाईल की नाही हे तिला त्या घटकेलाही ठाऊक नव्हतं, पुढे कधी कळलंही नाही. कारण रोहिदासने उडी मारली. आरसा त्याच्या कोपरावर फाडकन बसला, हाड मोडल्याचा आवाज आतपर्यंत आला, आणि तो लावलेल्या स्कूटरींवर जाऊन पडला. स्कूटरी एकीवर एक आडव्या होत गेल्या.

"वळला राव," गणराज म्हणाला. वॉचमनने विचारपूस न करता फाटक उघडलं.

मोठ्या रस्त्यावर आल्यावर पूनमला रडू फुटलं. सिग्नल लाल झाला तशी तिने गाडी थांबवली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवून हमसाहमशी रडली. गोजाबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला, तिथे बक्कल बसलं होतं म्हणून पटकन उचलला आणि डोक्यावर ठेवला. मागची कंटेनरवाली माणसं हॉर्न वाजवायला लागली.

दवाखान्यात टाके घालताना डॉक्टरांनी विचारलं, "आजी, कसं लागलं?" पूनमचं तोंड सवयीने उघडलं. बाथरूम हा शब्द जिभेवर आलाही होता.

गोजाबाईने तिचा हात दाबला.

"पोरानं ढकाललं," ती म्हणाली. "आन् हिला पट्ट्यानं मारलं. ह्याच्या आदी दोनदा बरगडी मोडली, तवा म्या हितंच बसून खोटी मान हालवली. आज लिव्हा. नाव रोहिदास नानासाहेब. माझ्याच पोटचा हाय. लिव्हा."