पाठमोरी चित्रं

रूना गेली तेव्हापासून बोडिलच्या डोळ्यांत टिपूस आला नव्हता. सातवीतली पोर सायकलवरून शाळेत येत होती आणि उजवीकडे वळणाऱ्या ट्रकच्या चालकाला ती दिसलीच नाही. दफनानंतर चर्चच्या सभागृहात सगळ्यांना कॉफी नि बन होते. बोडिलने बन खाल्ले आणि खाता खाता तिच्या मनात आलं, पांढरा रंग संपत आलाय, मागवायला हवा. आपण असा विचार कसा करू शकतो, याची तरी तिला धडकी भरायला हवी होती. तीही भरली नाही. दंतवैद्याने सुई टोचल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं तिला आतून सगळंच झालं होतं.

डेन्मार्कमधल्या स्वेनबोर्गच्या त्या शाळेत ती वीसेक वर्षं चित्रकला शिकवत होती. मुख्याध्यापिका लिस्बेथने तिला जिन्यात गाठलं.

"मानसशास्त्रज्ञ बाई येऊन गेली. रूनाच्या वर्गातली मुलं तिच्यापुढे मिठाची गुळणी धरून बसली. तुझ्या तासाला निदान त्यांचे हात तरी चालतात. बघ ना काहीतरी."

"काय बघू?"

"ते मला कळत असतं तर तुला कशाला विचारलं असतं?"

म्हणून शाळा सुटल्यावर बोडिल गावच्या ग्रंथालयात गेली. शिक्षकांना लागतील ते संदर्भ शोधून द्यायचं काम तिथे अस्गरकडे होतं. सर्दीने त्याचं नाक लाल झालं होतं.

"ये, ये! गेल्या वर्षीची पुस्तकं अजून तुझ्याचकडे आहेत, आठवतंय का?"

"आठवतंय."

एरवी तिने उलट टोला दिला असता. अस्गरने तिच्याकडे नीट पाहिलं आणि शेजारची खुर्ची पुढे ओढली. "रूनाचं कानावर आलंय माझ्या. बस. काय शोधायचंय?"

"अशा वेळी दुसरे शिक्षक वर्गात काय करतात, ते."

एरवी पैसे मोजून वाचावी लागणारी कलाशिक्षणाची नियतकालिकं ग्रंथालयाच्या कार्डावर घरूनही उघडतात, हे अस्गरने तिला संगणकावर दाखवलं. लेख भराभर निघाले. एकात प्रत्येक भावनेला एकेक रंग द्यायला सांगितलं होतं. दुसऱ्यात आठवणींचे कागद कापून चिकटवायचे होते. तिसऱ्यात शेवटी सगळा वर्ग रडला होता आणि मोकळा झाला होता.

"चांगले आहेत," दुकानात पडद्याचं कापड चाचपून म्हणावं तसं बोडिल म्हणाली.

"पण?"

"रूनाच्या शेजारी डिटे बसायची. तिला मी कुठल्या तोंडाने विचारू, तुझ्या दुःखाचा रंग कोणता म्हणून? मला कुणी विचारलं तर माझ्याकडे एकही नाहीये."

अस्गर शिंकला. मग त्याने लेख मिटवले आणि एका संग्रहालयाची चित्रं उघडली. "हक्क संपलेली जुनी चित्रं आहेत. वर्गात दाखव, छाप, कुणी काही म्हणणार नाही. लिही काय हवंय ते."

बोडिलने 'शोक' असं लिहिलं. पडदाभर पंखवाले देवदूत, हुंदके देणाऱ्या बाया आणि पुष्पचक्रं आली.

"तसं नको. चित्रांच्या नोंदी करणारे लोक समोर दिसतं तेच लिहितात. टेबल, खिडकी, कुत्रा. तुला डोळ्यांनी काय बघायचंय?"

बोडिलने लिहिलेला शब्द खोडला. "मला कुणाचा चेहरा बघायचा नाहीये," ती म्हणाली.

"मग 'पाठमोरी' म्हणून बघ."

खिडकीशी उभी पाठमोरी बाई आली. समुद्राकडे तोंड करून थांबलेले कोळी आले, फरशी पुसणारी मोलकरीण आली. कुणाचाच चेहरा दिसत नव्हता आणि कुणी तिच्याकडून काही मागत नव्हतं. बोडिल बराच वेळ बघत राहिली. छापल्यावर धूसर येऊ नयेत म्हणून मोठ्या आकारातली चित्रं कशी उतरवून घ्यायची, ते अस्गरने शिकवलं. तिने मुकाट्याने उतरवून घेतली.

सोमवारी ती चित्रं वर्गात भिंतीवर लागली. "आज चेहरे नाहीत," बोडिल म्हणाली. "एकामागे एक स्टुलं मांडा आणि पुढच्याची पाठ काढा."

"पाठीत काढायचंय काय?" ओलुफने विचारलं. "या येप्पेची पाठ म्हणजे नुसतं फळकूट आहे!"

दोघंतिघं हसली आणि हसलो म्हणून दचकली.

डिटे सगळ्यात पुढच्या स्टुलावर बसली होती. "माझ्यापुढे कुणीच नाहीये," ती म्हणाली. स्टुलांची खरखर एकदम थांबली.

बोडिलने काही विचार केला नाही. एक स्टूल ओढलं आणि डिटेकडे पाठ करून बसली. "मी आहे. काढ."

समोर फक्त नळ होता आणि बरण्यांतले ब्रश. मागे पेन्सिली चालत होत्या. मधेच कुणीतरी नाक ओढलं, पण तिला वळता येत नव्हतं. समजूत घालायला नको होती, चेहरा सावरायला नको होता. ती नुसती बसून राहिली.

वेळ संपल्यावर तिने डिटेचा कागद पाहिला. बोडिलचाच स्वेटर, तिचेच पडलेले खांदे, आणि मानेपासून कमरेपर्यंत लांब वेणी. बोडिलचे केस तर कानाच्या वर कापलेले होते.

"तुमची मान फार उघडी दिसत होती," डिटे म्हणाली.

ओलुफ डोकावला. एवढ्या तेवढ्यावरून टर उडवणारा पोरगा, पण तो हळूच म्हणाला, "वेणीचं रबर हिरवं होतं रूनाचं."

डिटेने हिरवी पेन्सिल घेतली. मग मागून कुणी म्हणालं, "गणिताच्या तासाला चावत बसायची वेणी." "माझ्या रंगात बुडाली होती एकदा." "बुडाली? तूच बुडवलीस!" सगळी एकदम बोलायला लागली. बोडिल नळाशी जाऊन धुतलेलेच ब्रश पुन्हा धूत राहिली.

डिटेने ते चित्र रूनाच्या घरी नेऊन दिलं. त्यानंतर एका दुपारी रूनाची आई, मारेन, शाळेत आली. "बाकीच्यांची बघितली तर चालतील?" तिने विचारलं.

बोडिलने सगळी चित्रं टेबलांवर मांडली. मारेन एकेका पाठीपाशी थांबत गेली. "केवढी झालीयत ही सगळी," ती म्हणाली.

"हो," बोडिल म्हणाली. डोळे अजूनही कोरडेच होते.

कॉफी तरी द्यावी म्हणून तिने थर्मास उचलला, आणि हात असा थरथरायला लागला की कॉफी कपाबाहेर सांडली. तिने दुसरा हात लावला, तोही थरथरत होता.

मारेनने तिच्या हातातून थर्मास काढून घेतला.

"बस तू," ती म्हणाली. "मी ओतते."