हरेशची मेहनत

आमचा धाकटा भाऊ हरेश भाऊबीजेला आला, तो पांढऱ्या गाडीतून उतरतानाच धापा टाकत. लोक काम करून दमतात, हा उतरून दमतो. सोबत आमची आई सीताबाई, आणि बगलेत एक फाइल.

पूर्णा गावात आमच्या बापाची जमीन. तिच्यावर आता गोदाम हाय. त्याचं भाडं दर महिन्याला हरेशच्या खात्यात पडतं, मग तो घोरत असो नाहीतर कुणाच्या हळदीत नाचत असो. त्याच गोदामात मी दिवसभर उभी राहून खोक्यांना टेप मारते. जिथं बापानं मला भाताची आवणी शिकवली तिथंच मी ड्युटी करते, आणि सुटताना गेटवरचा वॉचमन माझी पिशवी तपासतो. काय बोलायचं आता!

हरेशला बाजूला दुसरं गोदाम बांधायचं होतं. त्यासाठी बहिणींनी हक्क सोडल्याच्या सह्या पाहिजेत. थोरल्या आक्कानं कधीच करून दिली. आमच्यात रीतच तशी. बहिणीनं भाऊबीजेला हक्क सोडायचा, भावानं साडी नेसवायची, म्हणजे माहेरचं दार उघडं राहतं. खोटं कशाला बोलू, मीसुद्धा करणारच होते. आई थकलेली, आणि माहेर काय बाजारात मिळत न्हाय.

ओवाळून झालं. टीव्हीवर चर्चा चालली होती की गरीब असो वा श्रीमंत, देशातल्या प्रत्येकाला सरकारनं दर महिन्याला ठरावीक पैसे द्यावेत का. सूटबूटवाले एकमेकांवर ओरडत होते. माझा नवरा दामू टेम्पो चालवून चालवून कंबर घालवून बसलेला. तो एवढंच म्हणाला की असं झालं तर बरं, दुखेल त्या दिवशी घरी तरी बसता येईल.

झालं, हरेशच्या अंगात आलं. तोंडात करंजी तशीच ठेवून त्यानं कीर्तन सुरू केलं. म्हणे फुकटच्या पैशानं माणूस आळशी होतो, दारू पितो, उद्या गोदामाला हमाल मिळणार न्हायत. घाम गाळल्याशिवाय पैसा पचत न्हाय म्हणे. हे सगळं पंख्याखाली लोडाला टेकून, आणि दुसऱ्या करंजीसाठी हात पुढे करून. जनाची न्हाय तर मनाची तरी!

मी हसण्यावारी नेलं असतं. पण दामूनं मान खाली घातली. आयुष्यभर राबलेल्या माझ्या नवऱ्यानं त्या ऐतखाऊसमोर मान खाली घातली, तसं माझं टाळकं सरकलं.

आणि नेमकी तेव्हाच हरेशनं फाइल उघडून माझ्यापुढे सरकवली.

"या महिन्याचं भाडं आलं, त्यासाठी तू काय घाम गाळलास?" मी विचारलं.

तो हसला. "तुळजाताय, ते फुकट थोडंच हाय? आपल्या बापाची जमीन ती. त्याला हक्क म्हणतात."

"आपल्या बापाची ना? मग माझाही हक्कच. मी सही करणार न्हाय."

त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. मग तो भडकला. मला हावरट म्हणाला, दामूनं कान भरले म्हणाला, आजपासून माहेर संपलं असंही म्हणाला, आणि फाइल उचलून गाडीत जाऊन बसला. बोलण्याआधी सही घेतली असती तर मिळाली असती, पण एवढी अक्कल असती तर तो हरेश कसला.

आई भिंतीला धरून उठली. मला वाटलं, आता ही छाती बडवणार, सख्ख्या भावाच्या पोटावर पाय दिलास म्हणणार. मी त्याची तयारी ठेवली होती.

"मी पण माझ्या भावाला लिहून दिलं होतं," ती हळू आवाजात म्हणाली. "माहेर राहावं म्हणून. तो गेला, ते मला तेराव्यानंतर कळवलं."

बाहेर हरेश हॉर्नवर हात ठेवून बसला होता. आईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्याच्या गाडीत जाऊन बसली, कारण राहायचं त्याच्याच घरी होतं.