चौकटीतली रिकामी जागा

मी ड्राफ्टर बोलतोय. ड्रॉइंगच्या बोर्डाला जो घट्ट बसवतात, ज्याला काटकोनातल्या दोन पट्ट्या असतात आणि डिप्लोमाची पोरं ज्याच्या जिवावर सरळ रेषा मारतात, तो मी. सध्या डोंबिवलीतल्या एका संस्थेच्या भिंतीवर, काचेच्या चौकटीत लटकतोय. गोड बोलणं ऐकायला आला असाल तर पुढच्या दारी जा.

मला विकत घेतलं सुधीर सरांनी, स्वतः शिकत असताना. नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी ही संस्था काढली, वस्तीतल्या दहावी झालेल्या मुलांना हाताशी धरलं, फॉर्म भरून दिले, पॉलिटेक्निकला घातलं. माणूस तोंडाने फटकळ, पण ड्रॉइंगची शीट पुरी होईपर्यंत मुलांसोबत बसायचा. हे मी नाकारत नाही.

रीतही त्यांनीच घातली. डिप्लोमा पास झालेल्याने माझ्या पट्टीमागे कर्कटकाने नाव कोरायचं, मग स्वतःच्या हाताने मला पुढच्या विद्यार्थ्याला द्यायचं आणि त्याची पहिली शीट होईपर्यंत शेजारी बसायचं. हर्षितने नाव कोरलं, जयाने कोरलं. जयाने मला संचिताकडे दिलं.

संचिताची आई हौसाबाई रंगाच्या कारखान्यात पिंपं धुते. तिच्या हाताचा रंग कधी जात नाही, म्हणून लेकीच्या शीटला ती बोट लावायची नाही, लांबूनच बघायची. शेवटच्या वर्षाला संचिताला एका कंपनीने लिहून दिलं होतं, पास झालीस की कामावर ये.

आणि शेवटच्या प्रॅक्टिकलच्या दिवशीच संस्थेचा समारंभ आला, ठाण्यात, टेंभी नाक्याजवळच्या हॉलमध्ये. परीक्षा अकराला. सर म्हणाले, देणगीदार येणार आहेत, दहाला दोन शब्द बोल, साडेदहाला सोडतो. पाहुणे आले पावणेबाराला. तोवर संचिता चार वेळा उठली आणि चारही वेळा सरांनी तिला डोळ्यांनीच खाली बसवलं. मग तिच्या सॅकमधून मला काढून स्टेजवर फिरवलं, टाळ्या झाल्या, फोटो निघाला. मला तिथेच टेबलावर टाकून ती पळाली. कॉलेजात पोहोचली तेव्हा बाहेरचे परीक्षक निघून गेले होते.

निकालात गैरहजर लागलं. कंपनीने दुसऱ्याला घेतलं. सर तिला म्हणाले, पुढच्या खेपेला दे, एवढं केलं तुझ्यासाठी, दोन तास बसवत नाही होय तुला? त्याच आठवड्यात त्यांनी मला त्या फोटोशेजारी चौकटीत बसवलं. खाली लिहिलं, आमचं यश.

सहा महिन्यांनी तिने मागून आणलेल्या ड्राफ्टरवर परीक्षा दिली आणि पास झाली. तेव्हा फुलं घेऊन कोणी आलं नाही. खटपट करून एका वर्कशॉपमध्ये ड्रॉइंगच्या कामाला लागली.

गेल्या महिन्यात ती आली, सोबत पहिल्या वर्षाची शिवानी.

"सर, ड्राफ्टर खाली काढा. हिला द्यायचाय."

"तो आता संस्थेची ठेव आहे. हिला आपण नवीन बघू."

"रीत तुम्हीच घातलेली. मी नाव पण कोरलं नाहीये अजून."

"तुझा फोटो लावलाय ना वर? अजून काय पाहिजे गं तुला?"

संचिताने भिंतीपाशी खुर्ची ओढली, वर चढली, चौकट पुढे ओढून तिची मागची फळी सरकवली. मला वाटलं, सुटलो. तिने फक्त आपला फोटो बाहेर काढला.

"ड्राफ्टर तुमचा होता, ठेवा. हा चेहरा माझाय."

शिवानीला घेऊन ती निघून गेली. ती रोज संध्याकाळी कामावरून सुटल्यावर शिवानीच्या शेजारी बसते, असं इथली पोरं बोलतात. माझ्याशिवाय.

माझे स्क्रू गंजलेत. पट्टीमागे दोनच नावं आहेत. पाहुणे आले की रिकाम्या चौकोनाकडे बोट दाखवून विचारतात, इथे कोण होतं? सर म्हणतात, फोटो साफ करायला दिलाय. तुम्ही कधी आलात तर टाळ्या वाजवू नका. खुर्ची भिंतीपाशीच आहे. मला खाली उतरवा आणि संचिताकडे न्या. सोबत एक कर्कटक असू द्या.