दुतोंड्या ओलांडला

हरभरा उपटताना संयोगिताच्या पायाजवळून मांडूळ सरकलं, तेव्हा तिला सातवा महिना होता. ती दचकून पलीकडं झाली, एवढंच. पण तिच्या सासूनं, चिमणाबाईनं, लांबूनच कपाळावर हात मारला.

“दुतोंड्या ओलांडलास की गं! सहा महिनं ह्या तोंडानं चालतंय, सहा महिनं त्या तोंडानं. पोटातलं उलटं फिरवतंय त्ये!”

एप्रिलमध्ये गडहिंग्लजच्या दवाखान्यात मुलगी झाली, ती रडलीच नाही. नाळेचा फास बसला होता, असं डॉक्टरीणबाईंनी दोनदा समजावून सांगितलं. चिमणाबाईनं ऐकून घेतलं आणि गावात आल्यावर भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला दुतोंड्याचीच हकिगत सांगितली. संयोगिताचा नवरा ऋतुराज तिथंच खाली मान घालून बसायचा. त्यानं एकदा तरी ‘न्हाय’ म्हणावं म्हणून तिचे कान आसुसले होते.

जूनमध्ये पेरणीआधी बांध तासताना ऋतुराजला मांडूळ दिसलं.

“ह्येच त्ये!” चिमणाबाई ओरडली.

“आहो, मारू नगासा,” म्हणत संयोगिता धावली, तोवर खोऱ्याचे दोन घाव बसले होते.

सापाचं पोट फाटलं आणि आतून पिल्लं बाहेर आली. पातळ पडद्यात गुंडाळलेली, करंगळीएवढी, सहा पिल्लं. त्यातलं एक जरा हललं, मग तेही थांबलं.

संयोगिता मातीतच बसली. तिनं सापाचं शेपूट उचलून सासूपुढं धरलं. नुसताच बोथट शेंडा. ना डोळे, ना जीभ.

“कुठाय दुसरं तोंड, आत्ती? दावा की मला.”

चिमणाबाईनं पदर तोंडाला लावला आणि ती मागं सरली.

संयोगितानं हातानंच खड्डा काढला. पिल्लं आईच्या पोटाशी लावून ठेवली, वर माती लोटली. लेकीला माती देताना तिला कुणी जवळ येऊ दिलं नव्हतं. तेव्हाचं अडलेलं रडं आत्ता फुटलं.

संध्याकाळी ऋतुराज शेजारी येऊन बसला. बराच वेळ पायाची माती खरवडत राहिला.

“पोरीचं नाव काय ठेवणार हुतीस?”

“लई उशिरा इचारलासा,” ती म्हणाली.

सकाळच्या एसटीनं ती माहेरी आजऱ्याला गेली. चिमणाबाईनं पुन्हा कधी दुतोंड्याचं नाव काढलं नाही; पण ‘माझं चुकलं’ असंही ती कुणाजवळ म्हणाली नाही. ऋतुराज रोज फोन लावायचा. भुईमूग उगवून वर आला, तरी संयोगितानं फोन उचलला नव्हता.