मागे बघणारी हरणं

मी कॅमेरा बोलतोय. जुन्या पद्धतीचा, रोलवाला. मला एकच डोळा, आणि तो फक्त समोर बघतो. माझ्या पाठीला मालकाचा डोळा चिकटलेला असतो. त्याच्याही मागे काय चाललंय, ते मला कधीच दिसत नाही. माझी सगळी भीती तिथलीच आहे.

कारखान्यातला जन्म फारसा आठवत नाही. कुणीतरी रबरी फुंकणीने माझ्या भिंगावरची धूळ उडवली, एवढंच. पहिली काही वर्षं मी एका जमीन मोजणाऱ्याकडे काढली. त्याला मोतीबिंदू झाला. तो चष्म्याच्या दुकानात गेला आणि निघताना मला तिथेच ठेवून म्हणाला, आता हा तुम्हीच सांभाळा, मला सगळं धुक्यातच दिसतं.

चष्मेवाल्याचं दुकान बोळासारखं अरुंद होतं. भिंतीवर लहान लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता, खणांत भिंगं, आणि दिवसभर काच घासायच्या यंत्राची घरघर. सुट्टी मिळाली की तो मला गळ्यात घालून डोंगर गाठायचा. रानफुलं, कोल्हे, हरणं, बर्फाची शिखरं, त्याला काहीही चालायचं. फुलासमोर तर असा पालथा पडायचा की बायको म्हणायची, उठा आता, मुंग्यांना वाटेल तुम्ही त्यांच्यातलेच.

बायको कायम त्याच्या चार पावलं मागे. ती कपडे शिवायची. माझी जाड निळ्या कापडाची पिशवीही तिनेच शिवलेली. तिच्या खांद्यावर माझं तीन पायांचं स्टँड आणि हातात वही असायची. कुठलं फूल, किती उंचीवर, ऊन कसं होतं, सगळं त्यात उतरायचं. म्हणून तो तिला 'वहीवाली' म्हणायचा.

त्या सकाळी आम्ही उंचावरच्या एका माळावर होतो. कड्याजवळ घंटेसारखी निळी फुलं उमलली होती. खालून धुकं चढत होतं, म्हणून त्याची घाई चाललेली. मागून तिचा आवाज आला, "अहो, जरा इकडे बघा."

डोळा न काढता तो म्हणाला, "थांब गं, एक मिनिट."

मी खट् केलं. फोटो सुरेख आला. तो वळला तेव्हा मागे नुसतं धुकं होतं.

ती दोन दिवसांनी कड्याखाली सापडली. स्टँड मात्र माळावरच होतं, तिन्ही पाय रोवून नीट उभं केलेलं.

वर्षभर मी पिशवीत पडून राहिलो. घरात डोंगराचं नाव निघत नव्हतं. त्यांची लेक दुकानात बापाच्या हाताखाली काम करायची. शेवटी तिनेच मला बाहेर काढलं, पुसलं आणि बापाला म्हणाली, की बसून बसून वाळून चाललात, चार दिवस जाऊन या. तो एकटाच गेला.

परत आल्यावर फोटो धुऊन आले. लेकीने ते काउंटरवर मांडले आणि भिंग लावून बघायला लागली. कोल्ह्याचा, घुबडाचा, हरणांचा. बघता बघता तिचा हात थांबला.

"बाबा, ही तुमच्याकडे बघत नाहीयेत. तुमच्या मागे बघताहेत."

खरंच होतं. एकूणएक जनावराची नजर माझ्या भिंगाच्या किंचित बाजूने पलीकडे गेली होती. सगळ्यांची एकाच जागी. जुन्या फोटोंत असं कुठेच नव्हतं. चष्मेवाल्याने हसून सोडून दिलं. वाऱ्यावर कसला तरी वास आला असेल, म्हणाला. मला मात्र आठवलं, त्या हरणांपैकी एकही पळालं नव्हतं.

त्यानंतर तो तीनदा गेला, आणि तिन्ही वेळा तेच. हळूहळू त्याचं वागणं बदललं. पायवाटेवर तो सावकाश चालायला लागला, मागून येणाऱ्याला सोबत राहता यावं तसा. बसमध्ये शेजारची जागा कुणाला देईना. अंगावर काटा येणं म्हणजे काय ते मला माहीत नाही, पण माझं शटर तेव्हा दोनदा अडकलं.

पुढच्या खेपेला लेक म्हणाली, मीही येते. त्याच माळावर कळप चरत होता. त्याने मला डोळ्याला लावलं. एका हरिणीने मान वर केली आणि त्याच्या खांद्यापलीकडे बघत राहिली. मग दुसरीने. मग सगळ्यांनी.

लेक हळूच म्हणाली, "बाबा, मागे कुणी नाही. मी बघितलंय. तुम्ही बघितलंत का एकदा तरी?"

"नाही," तो म्हणाला. "मी वळलो आणि ती नसली तर?"

लेक म्हणाली, "तुम्हीच सांगितलंत ना, तिने तेवढंच तर मागितलं होतं. इकडे बघा."

त्याने मला लेकीच्या हातात दिलं आणि तो वळला. आयुष्यात पहिल्यांदा मला त्याची पाठ दिसली. "हं, बोल," तो म्हणाला. "बघतोय मी." मग कुणी बोलत असताना मान हलवतात, तशी हलवत राहिला.

त्याच्यासमोर कुणी नव्हतं. शपथेवर सांगतो, मला जे दिसतं तेच मी टिपतो. पण वारा पडलेला असताना त्याच्या पुढ्यातलं गवत दोन ठिकाणी दबलेलं होतं, पावलांएवढं. पाहता पाहता एकेक पातं उठलं आणि सरळ झालं. लेकीने बटण दाबलं. मग तिने मला कळपाकडे फिरवलं. साऱ्या हरणांनी थेट माझ्या डोळ्यात पाहिलं आणि ती उधळली.

आता त्याच्याने चढवत नाही. मी दुकानात तक्त्याशेजारी खुंटीवर टांगलेला असतो. भिंगाला कडेने बुरशी धरलीय. लेक अधूनमधून फुलांसाठी घेऊन जाते. गवताचा तो फोटो काउंटरच्या काचेखाली आहे. आई काय म्हणाली, असं लेकीने एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, ते आमच्यातलं आहे.

मला बोलता येतंय तोवर एवढंच सांगतो. फोटो काढताना मागून आपल्या माणसाने हाक मारली, तर माझ्यावरून डोळा काढा आणि वळा. फोटो मग काढा, नाहीतर राहू द्या. मला राग येणार नाही.