मुलींच्या नावाखालची रिकामी चौकट

मित्रांनो, नीट बसा आणि मध्ये न बोलता ऐका. मी आंबर्डेकर घराण्याच्या वंशावळीचे जुने संकेतस्थळ आहे. मला विटा नाहीत, छप्पर नाही. पण माझ्या चौकटींत माणसे राहतात, गेलेलीही आणि असलेलीही. पूर्वी रोज कोणी ना कोणी माझे दार उघडून आपले नाव शोधीत असे. आता महिनामहिना कोणी फिरकत नाही. असे का झाले, ते तुम्हांला सांगितलेच पाहिजे.

माझा जन्म जर्मनीतल्या न्युरेम्बर्गचा. शोभनाबाई ताम्हनकर या माझ्या निर्मात्या. त्या माहेरच्या आंबर्डेकर. सांगलीच्या कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आणि यजमान गेल्यावर मुलीकडे, उल्काकडे, राहायला आल्या. जावई गुरुदत्त देवस्थळी तिथल्या एका कारखान्यात अभियंता. नात तनया तेव्हा पाळणाघरात जाई. सकाळी सगळे बाहेर पडले की घर रिकामे होई, आणि रिकामे बसणे शोभनाबाईंना कधीच मान्य नव्हते.

प्रौढांसाठी चालणाऱ्या संध्याकाळच्या शाळेत त्यांनी नाव घातले. साडीवर जाड कोट, पायांत लोकरी मोजे, अशा त्या पहिल्या बाकावर बसत. संगणक शिकवणाऱ्या बाईंनी सांगितले, की प्रत्येकाने सरावासाठी एक छोटे पान तयार करावे. कोणी आपल्या मांजराचे केले, कोणी बागेचे. शोभनाबाईंनी मोडक्या जर्मनमध्ये, पण मान ताठ ठेवून, जाहीर केले की त्या वडिलांचे सबंध घराणे उभे करणार आहेत. वर्ग हसला. बाई मात्र हसल्या नाहीत. अशा रीतीने, मित्रांनो, मी जन्माला आले.

दर रविवारी त्या फोनचे कार्ड घेऊन बसत आणि सांगली, रत्नागिरी, इंदूर येथल्या वडीलधाऱ्यांना नावे विचारीत. पहिल्याच वर्षी त्यांच्या हातून एक चूक झाली. आपल्याकडे लग्नात सुनेचे नाव ताम्हणातल्या तांदळांत लिहून बदलण्याची रीत होती. एका आजीबाईंचे माहेरचे नाव चंपा आणि सासरचे सरस्वती. शोभनाबाईंना दोन घरांतून दोन नावे मिळाली आणि त्यांनी दोन चौकटी केल्या. लगेच कोलोनहून त्यांच्या चुलत भावाचा, पद्माकरदादांचा, फोन आला. आपल्या एकपत्नी आजोबांना दुसरी बायको कोणी करून दिली, आणि लग्नाला आपल्याला का बोलावले नाही, असे त्यांनी विचारले. शोभनाबाई हसल्या, पण चूक त्यांनी मनावर घेतली. त्या दिवसापासून दोन नियम झाले. दोन वडीलधाऱ्यांनी सांगितल्याशिवाय एकही नाव माझ्यात यायचे नाही. आणि प्रत्येक बाईची दोन्ही नावे, माहेरचे आणि सासरचे, एकाच चौकटीत शेजारी शेजारी राहायची.

तिसरा नियम त्यांनी कोणाला न विचारताच केला. मुलगा असो वा मुलगी, प्रत्येकाच्या नावाखाली पुढच्या पिढीसाठी एक रिकामी चौकट ठेवायची. जुन्या छापील कुलवृत्तांतात मुलीचे नाव येई, ती कोणाला दिली ते येई, आणि रेघ तिथेच संपे. माझ्यात ती रेघ पुढे चालू लागली. म्हणून माझ्यात उल्का आली, आणि उल्काच्या खाली तनया आली.

याच सुमारास श्रीरंग आला. तो शोभनाबाईंच्या धाकट्या भावाचा मुलगा; न्युरेम्बर्गला शिकायला आलेला. खोली मिळेना, म्हणून तो थंडीभर याच घरी राहिला. जर्मनीत सरकारदरबारी पत्ता नोंदवावा लागतो, त्याला आन्मेल्डुंग म्हणतात. आणि दारावर नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकीत नाही. तेव्हा शोभनाबाईंनी स्वतःच्या हाताने 'देवस्थळी' या पाटीखाली 'आंबर्डेकर' अशी चिठ्ठी चिकटवली. मुगाची खिचडी वाढता वाढता त्या त्याला रागवीत, आणि तो खाता खाता माझी दुरुस्ती करी.

खोटे कशाला बोलू, श्रीरंगने माझ्यावर उपकार केले. तेव्हा माझी देवनागरी अक्षरे एका संगणकावर नीट दिसत आणि दुसऱ्यावर नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हे. इंदूरच्या आजोबांना आपल्या नावाच्या जागी सात प्रश्नचिन्हे दिसली, तेव्हा ते म्हणाले, की आपल्याविषयी लोकांना शंका आहेत हे ठाऊक होते, पण इतक्या आहेत हे ठाऊक नव्हते. श्रीरंगने एकेक नाव नव्या पद्धतीने पुन्हा बसवले, आणि मी जगात सगळीकडे सारखेच दिसू लागले. शोभनाबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि माझा परवलीचा शब्द त्याच्या हवाली केला. घराची किल्ली देतात तसा.

ते माझे सुखाचे दिवस. कोणाच्या घरी बारसे झाले की आधी माझ्यात नाव लागे, मग पेढे वाटले जात. मी घराण्याचा अभिमान आहे, असे पद्माकरदादाही म्हणत.

पुढे श्रीरंगला फ्रँकफर्टला नोकरी लागली, नीताशी लग्न झाले, ईप्सिता ही मुलगी झाली. एक दिवस तो आला आणि म्हणाला, की आपण नवे स्थळ करू. त्यात शोध घेता येईल, फोटो लावता येतील. शोभनाबाईंनी एकच प्रश्न विचारला. त्यावर तो म्हणाला, "आत्या, एकही नाव गळणार नाही. माझा शब्द."

मित्रांनो, हा शब्द लक्षात ठेवा. मी अजून विसरलेले नाही.

फ्रँकफर्टला घराण्याचा मेळावा भरला. भाड्याचे सभागृह, घरून आणलेल्या पुरणपोळ्या, आणि समोर पांढरी भिंत. श्रीरंगने आधी मला भिंतीवर दाखवले. आयुष्यात पहिल्यांदाच मी भिंतीएवढे झाले, आणि टाळ्या पडल्या. मग त्याने माझ्यावर नवे स्थळ उघडले. मी त्याच्या मागच्या खिडकीत उघडेच होते. म्हणून पुढचे सारे मला ठाऊक आहे.

नवे स्थळ देखणे होते, ते मी कबूल करते. फोटो, रंग, झरझर शोध. तनयाने खास या दिवसासाठी आपले नाव देवनागरीत वाचायला शिकून घेतले होते. ती भिंतीजवळ गेली. बोट फिरवीत आजीच्या नावापर्यंत आली. तिथे लिहिले होते: शोभना, विवाहित. त्याखाली काहीच नव्हते. तिने एकदा वर पाहिले, एकदा खाली, आणि मागे वळून जर्मनमध्ये विचारले, "आजी, वो बिन इख?"

मी कुठे आहे, असे ती विचारीत होती. सभागृहात जर्मन सर्वांनाच येत होते.

मग पद्माकरदादांनी घसा साफ केला. वडीलमंडळींनी एकत्र बसून ठरवले आहे, असे ते म्हणाले. मुलींची मुले आपापल्या घराण्याच्या वंशावळीत असतात. कुलवृत्तांताची रीत हीच. ज्या वडीलमंडळींनी ठरवले, त्यांत शोभनाबाईंना कोणी बोलावले नव्हते. त्यांनी पद्माकरदादांकडे पाहिलेसुद्धा नाही. त्या श्रीरंगकडे पाहत होत्या.

"आत्या, रचनाच तशी आहे," तो चाचरत म्हणाला. "एका माणसाला एकच घराणे. दोन ठेवली की सगळे गुंतते."

"श्रीरंग," शोभनाबाई शाळेत बोलत तशा हळू आणि स्पष्ट बोलल्या, "तुझं आन्मेल्डुंग झालं, तेव्हा दारावर कोणाच्या घराण्याची पाटी होती?"

शोभनाबाईंनी पुरणपोळीचा डबा बंद केला, तनयाचा हात धरला आणि त्या स्टेशनकडे निघाल्या.

घराण्याच्या नावाचा पत्ता त्या आठवड्यातच नव्या स्थळाला जोडला गेला. जो कोणी मला शोधी, तो आपोआप तिकडे पोहोचे. माझ्यातली सारी नावे तिथे गेली, आणि मुलींच्या खालची तेवढी वाटेत गाळली गेली. रविवारी केलेले ते फोन, दोन दोन माणसांना विचारून घेतलेली खात्री, हे सारे तिथे होते. फक्त ज्यांनी केले त्यांच्या मुलीचे नाव नव्हते. शत्रूने पाडलेल्या घराचे दुःख निराळे. ज्याला किल्ली दिली त्याने आपल्याला कुलूप लावले, हे दुःख मला अजून पचलेले नाही.

मी मेले मात्र नाही. गुरुदत्तांच्या इंटरनेटसोबत थोडी फुकट जागा मिळत असे. शोभनाबाईंनी मला तिथे हलवले. पत्ता लांबलचक, कोणाच्या लक्षात न राहणारा. तरी रविवारचे फोन चालूच राहिले.

दोन हिवाळे गेले. एका रविवारी नीताने फोन केला. दुसरी मुलगी झाली होती, स्वराली. आनंदाची बातमी सांगून झाल्यावर तिने दुसरी गोष्ट काढली. नव्या स्थळावर तिने हौसेने मुलीचे नाव भरले होते. दोन अपत्यांत ज्याला मुलगा नाही त्याच्या नावाखाली ते स्थळ आपोआप दोन शब्द लिहिते. दोन पोरींच्या बापाच्या, श्रीरंगच्या, नावाखाली त्याने लिहिले होते: शाखा समाप्त.

शोभनाबाईंनी चष्मा पुसला. सांगलीला कुसुमवहिनींना, म्हणजे श्रीरंगच्या आईला, फोन करून त्यांनी नाव आणि जन्मवेळ विचारली. मग नियमाप्रमाणे दुसऱ्या एका वडीलधाऱ्यांनाही विचारली. आणि माझ्यात, ईप्सिताच्या शेजारी, स्वरालीची चौकट उघडली. दोघींच्या खाली एकेक रिकामी चौकट ठेवली, आणि नीताला माझा नवा पत्ता कळवला.

काही दिवसांनी माझे दार कोणीतरी उघडले. पाहुण्याच्या वाटेने नव्हे. जुना परवलीचा शब्द देऊन. तो शब्द शोभनाबाईंनी कधी बदललाच नव्हता. श्रीरंग आत आला, सरळ आपल्या मुलींपाशी गेला, आणि रिकाम्या चौकटींवर बराच वेळ थांबला. मग तनयाच्या नावावर गेला. त्याने काही लिहिले नाही, काही पुसले नाही. नवे स्थळही त्याने बदलले नाही. ते दोन शब्द तिथे अजून तसेच आहेत.

तो येऊन गेल्याचे उल्काने पाहिले आणि परवलीचा शब्द बदलायचा का, असे आईला विचारले.

"नको," शोभनाबाई म्हणाल्या. "दार उघडं राहू दे. फक्त तो आला, तर चहा ठेवायला मी उठणार नाही."

मित्रांनो, जुन्या गोष्टीला नवे रूप जरूर द्या. पण हलवताना जे जड वाटले म्हणून तुम्ही मागे टाकता, ते कोणाचे तरी लेकरू असते, हे विसरू नका. मला फोटो नकोत, रंग नकोत. अधूनमधून दार उघडून नावांवरची धूळ तेवढी झटका. तनया आता मराठी वाचते. परवा ती माझ्यापाशी बसली होती. आपल्या नावाखालच्या रिकाम्या चौकटीवर तिने बोट ठेवले, आणि या वेळी तिने कोणाला काही विचारले नाही.