भिंतीवरची बोटं

घरी त्याला छोट्या म्हणत आणि टीव्हीवर ठसकाबाई. मेकअप चढला की ती, उतरला की तो, हा नियम त्यानेच घालून दिला होता. ज्याला तो झेपत नसे त्याला म्हणे, "मग नुसतं बाई म्हणा, माझं पोट तेवढ्यावर भरतं." ड्रॅग राण्यांच्या, म्हणजे बाईचा साज चढवून मंच गाजवणाऱ्या पुरुषांच्या, टीव्ही स्पर्धेत तो तीनदा उतरला. पहिल्या वेळी दुसऱ्याच आठवड्यात हातात नारळ मिळाला. दुसऱ्या वेळी परीक्षकांनी तोंड भरून कौतुक केलं आणि तिसऱ्या नंबरावर बसवलं. तिसऱ्या वेळी मात्र मुकुट डोक्यावर आला, तो त्या चालीमुळे.

मंचावर येताना ठसकाबाई कधी मधून येत नसे. कडेच्या भिंतीलगत, डाव्या हाताची बोटं भिंतीवरून अलगद फिरवत, भिंतीची समजूत काढत असल्यासारखी यायची. एका परीक्षकाने खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. आठवडाभरात शाळेतल्या पोरी बोटं फिरवत वर्गात शिरायला लागल्या आणि मास्तरांच्या डोक्याला ताप झाला.

चाल खरी ताईची. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. सहा वर्षांपूर्वी नवऱ्याचं घर सोडून एका पिशवीनिशी ती त्याच्या दारात आली, ती जिन्यातून भिंत धरूनच आली. काय झालं ते तिने सांगितलं नाही, यानेही खोदून विचारलं नाही. याला दिसली ती फक्त बोटं. कलावंताची जात मोठी बेरकी. समोरचं माणूस रडत असलं तरी याचं लक्ष हुंदका नेमका कुठे तुटतो त्याकडे. तेव्हापासून ताई त्याचे पोशाख शिवत होती. नवऱ्याला तिचा पत्ता ठाऊक नव्हता आणि बहीणभावांचं बरं चाललं होतं.

स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत घरच्या एका माणसाला आपल्यासारखंच रंगवून, आपली जुळी म्हणून मंचावर आणायचं होतं. ताई नको नको म्हणत होती.

"कुणी ओळखलं तर?"

"तीन थर फाउंडेशन आणि वर हातभर उंच टोप. आपली आई वरून खाली उतरली तरी ओळखायची नाही. तू फक्त तुझी ती चाल चाल."

ताईने दोन दिवस सराव केला. आपलीच चाल असून हिला सराव कशाला लागतो, असा प्रश्न छोट्याला पडायला हवा होता. पडला नाही. दोघी बोटं फिरवत आल्या, लोक वेडे झाले आणि मुकुट मिळाला. ताईचा चेहरा कुणालाही ओळखू आला नाही, हे मात्र खरं.

पुढच्या महिन्यात एका मोठ्या दुकानात चाहत्यांच्या भेटीगाठी होत्या. रांगेतली माणसं फुलं देत होती, गळ्यात पडत होती, फोटो काढत होती. त्यात एक गुळगुळीत दाढी केलेला, कडक इस्त्रीच्या शर्टातला माणूस आला. फोटो नको म्हणाला. टेबलावर काहीतरी पांढरं ठेवून तो हसला.

"तुमच्या जुळीला द्या. तिला आठवण येत असेल."

चिनी मातीचा फ्यूज होता, जुन्या घरात मीटरखाली असतो तसा. ठसकाबाईने तो झुमक्यासारखा कानाशी धरून हलवला. रांग खिदळली. माणूसही खिदळला आणि गर्दीत मिसळून गेला.

छोट्या घरी आला तेव्हा ताई शिलाई मशीनवर बसली होती. त्याने फ्यूज तिच्यासमोर टाकला.

"घे, तुझाही चाहता निघाला. वीजवाला दिसतोय."

मशीनवरचा ताईचा पाय थांबला. तिने तो पांढरा तुकडा उचलला.

"तो रागावला की हा फ्यूज काढून खिशात घालायचा," ती म्हणाली. "मग बाहेरून कडी. त्या खोलीला खिडकी नव्हती. पाणी कुठे, दार कुठे, सगळं भिंतीवर हात फिरवून शोधायचं."

छोट्याच्या तोंडचं पाणी पळालं. दाजींना त्याने लग्नातच काय ते पाहिलं होतं. तेव्हा तो शाळेत होता आणि दाजींना झुपकेदार मिशा होत्या. पण दाजी आले ह्या भीतीपेक्षा त्याला वाटली ती लाज. बहिणीच्या अंधाराला त्याने घुंगरू बांधून मंचावर नाचवलं होतं, आणि त्याच्या टाळ्या खाल्ल्या होत्या.

दोघं पोलिसांकडे गेली. साहेब म्हणाले, "फ्यूज दिलाच ना? चोरला तर नाही? मग तक्रार कसली लिहू?" तक्रार राहिली बाजूला, बायकोला दाखवायला म्हणून त्यांनी छोट्याबरोबर फोटो मात्र काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी समोरच्या फुटपाथवर इस्त्रीचा शर्ट उभा होता. मुकुट मिळाल्यापासून इमारतीला पहारेकरी होता, म्हणून तो आत येत नव्हता एवढंच. ताईने पिशवी भरली. लांबच्या गावी तिची मैत्रीण होती, तिच्याकडे जायचं तिने ठरवलं.

"तू मागच्या दाराने स्टँडवर जा," छोट्या म्हणाला. "त्याला मी माझ्या मागे लावतो."

भर दुपारी तो आरशासमोर बसला. आजवर त्याने ताईला भडक, मोठी करून रंगवलं होतं. आज पहिल्यांदा तिला तिच्याएवढी रंगवली. डोळ्यांखालचं काळं, ओठांची मिटलेली रेघ. अंगावर तिचा राखाडी कोट, डोक्याला तिचा रुमाल, पायात तिच्या सपाट चपला. ताईने त्याची पँट चढवली आणि टोपी डोळ्यांवर ओढली.

"बसमध्ये बसलीस की एक रिंग दे आणि तोड. एकच. म्हणजे तू सुटलीस असं मी समजेन. आणि हे बघ, भिंतीला हात लावू नकोस."

ताई त्याच्याकडे बघतच राहिली. "लावते का मी?"

घाबरलीय बिचारी, छोट्याला वाटलं, काय बोलतेय तिचं तिला कळत नाहीये.

पुढच्या दारात पहारेकरी म्हणाला, "ताई, आज एवढ्या उन्हाचं?" छोट्याला जरा धीर आला. तो स्टँडच्या उलट दिशेला वळला आणि त्याने बोटं भिंतीवर टेकवली. शाळेचं खरबरीत कुंपण, मग बंद दुकानांची तापलेली शटरं. मागे बुटांचा आवाज सुरू झाला. तो थांबला की आवाज थांबे, तो निघाला की निघे. बोटं चुकली नाहीत. समोर परीक्षक नव्हते, दिवे नव्हते, आणि छोट्या जन्मात इतकं सुंदर चालला नव्हता.

गोदामाशी भिंत संपली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

"थांबा, मेव्हणे."

छोट्याचा पाय जागीच खिळला.

"काय चालता हो! हुबेहूब. अशीच चालायची ती."

"चालायची?" छोट्याच्या तोंडून त्याचा स्वतःचा आवाज निघाला.

"टीव्हीवर जोडी पाहिली तेव्हापासून मी इथे आहे. बाजारात जाते ती रस्त्याच्या मधून. दोन्ही हातांत पिशव्या, मान वर. भिंतीकडे ढुंकून बघत नाही." दाजींना खरोखर नवल वाटत होतं. "एका घरात राहता आणि तुम्हाला ठाऊक नाही?"

छोट्याने आठवून पाहिलं. मधल्या बोळातून चहाचे कप घेऊन येणारी ताई, जिन्यात गाणं गुणगुणणारी ताई. तिने भिंत कधी सोडली? त्याला हवं होतं ते सहा वर्षांपूर्वीच मिळालं होतं, नंतर त्याने तिच्याकडे नीट बघितलंच नव्हतं.

"मग माझ्यामागे कशाला आलात?"

"तुम्ही लांब राहावं म्हणून. बाजारात ओळखीची माणसं, दाराशी पहारेकरी. तिने आपल्या पायांनी, एकटीने गाव सोडायला निघावं म्हणून तर आठवण धाडली." दाजींनी शर्टाची बाही सारखी केली. "स्टँडवर माझा भाऊ आहे."

तेवढ्यात कोटाच्या खिशात फोन वाजला. ताईचं नाव. एक रिंग झाली, आणि छोट्याचा जीव भांड्यात पडला.

मग दुसरी झाली. मग तिसरी. दाजी घड्याळात बघत उभे होते आणि फोन वाजतच राहिला.